घड्याळातल्या वेळा आणि विमानातले तास

आईला धाकट्याकडे न्यू जर्सीला पाठवायचं ठरलं तेव्हा मी एजंटला वेळा विचारल्या नव्हत्या, तास विचारले होते. तिला मधुमेह आणि रक्तदाब, दोन्ही. गोळ्यांचं वेळापत्रक लावून द्यायला डॉक्टरांना आकडा हवा होता. एजंटने स्क्रीनकडे बघून सांगितलं, "साडेअकरा तास, मॅडम. पहाटे चारला मुंबई, दुपारी साडेतीनला न्यूयॉर्क." त्या हिशेबाने सकाळच्या गोळ्या पर्समध्ये आणि रात्रीच्या मोठ्या बॅगेत गेल्या. मोठी बॅग चेक-इनला.

आखाती विमानतळावर उतरल्यावर आईचा फोन आला. "अगं, इथली मुलगी म्हणतेय पुढचं विमान चौदा तासांचं आहे. आणि ते सुटायलाच अजून तीन तास आहेत." माझ्या पोटात गोळा आला. बॅग परस्पर पुढे जाणार होती, त्यामुळे गोळ्या तिच्या हाती लागणं शक्यच नव्हतं.

उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ तास मागे असतं, हिवाळ्यात साडेदहा. म्हणजे आईचा उन्हाळ्यातला प्रवास एकवीस तासांचा होता. तिकिटावर प्रत्येक शहराची स्थानिक वेळ छापतात. रोज तिकिटं विकणाऱ्या माणसाला एवढंही कळू नये? भावाने धावपळ करून विमानतळावर गोळ्या नेल्या म्हणून निभावलं. मी एजंटला फोन केला तर म्हणाला, "तिकिटावर छापलंय तेच सांगितलं, त्यात खोटं काय?" साधं 'चुकलं' म्हणायलाही तो तयार नव्हता. ते अजून सलतं.

म्हणून सांगते. सुटण्याची आणि पोहोचण्याची, दोन्ही वेळा आधी भारतीय वेळेत लिहून काढा, मगच वजाबाकी करा. तिकिटावर 'एकूण कालावधी' वेगळा दिलेला असतो, तो स्वतःच्या डोळ्यांनी वाचा आणि त्यात मधला थांबा धरलाय का ते बघा. अंतरावरूनही ताळा घेता येतो. मुंबई ते न्यूयॉर्क सरळ अंतरच सुमारे साडेबारा हजार किलोमीटर आहे आणि प्रवासी विमान ताशी साधारण नऊशेने जातं. म्हणजे न थांबतासुद्धा चौदा तास होतातच. प्रत्यक्षात थेट विमानालाही पंधरा-सोळा लागतात. साडेअकरा हा आकडा कुठल्याच हिशेबात बसत नाही.

जातानाच्या तासांवरून येतानाचे धरू नका. उंचावरचे जोराचे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, त्यामुळे परतीचा प्रवास बहुधा तास-दीड तासाने कमी होतो. हवाई हद्द बंद झाली की मार्गही लांबतो. २०२५च्या एप्रिलमध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपली हद्द बंद केल्यावर दिल्लीहून अमेरिकेला जाणाऱ्या काही विमानांना वाटेत इंधनासाठी उतरावं लागलं.

वयस्कर माणसांना व्हीलचेअर आधीच सांगून ठेवा, पाणी पीत राहायला सांगा, हे सगळेच सांगतात. माझं सांगणं वेगळं आहे. औषधं प्रवासाच्या तासांना पुरतील एवढी नकोत, चांगली चार-पाच दिवसांची हवीत. तीही डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, हातातल्या पिशवीत. इन्सुलिन तर मोठ्या बॅगेत कधीच नको, सामानाच्या कप्प्यात ते गोठू शकतं. आणि एजंटकडून तास हवे असतील तर ते लेखी मागा. लेखी मागितलं असतं तर आमच्या एजंटने आकडा बदलला असता, याची मला खात्री आहे.