जुनी युरोपीय तलवारबाजी : आरंभ कोठून करावा?

प्रश्न : जुनी युरोपीय तलवारबाजी शिकण्याची इच्छा आहे. नवशिक्याने सुरुवात कशी करावी? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : या विद्येची गुरुपरंपरा बहुतांशी खंडित झाली असून आजचे अभ्यासक ती जुन्या ग्रंथांवरून पुन्हा उभी करतात; योआखिम मायर या जर्मन तलवारबाजाने १५७० मध्ये स्ट्रासबर्ग येथे प्रसिद्ध केलेला सचित्र ग्रंथ हा त्यांपैकी एक प्रमुख आधार होय. महाराष्ट्रात, विशेषतः कोल्हापुरात, मर्दानी खेळाची परंपरा मात्र जिवंत आहे, आणि नवशिक्याने पहिले धडे तिच्या आखाड्यात घेणे निश्चितच श्रेयस्कर, कारण पवित्रा, म्हणजे पायांची व शरीराची सज्ज ठेवण, आणि प्रतिस्पर्ध्यापासूनच्या अंतराचे भान जाणत्याच्या नजरेखालीच अंगी बाणते. फरी-गदग्याचा, म्हणजे लहान ढाल व चामडे मढवलेली काठी यांचा, सराव येथे विशेष उपयुक्त ठरतो. मायरनेही ‘दुसाक’ या आखूड सराव-शस्त्राला स्वतंत्र विभाग दिला आहे. १७३७ पर्यंत पोर्तुगीजांकडे असलेल्या ठाण्याच्या परिसरात हा विषय परका नाही, कारण युरोपातून आलेले सरळ पाते देशी मुठीत बसवलेली ‘फिरंग’ मराठ्यांच्या शस्त्रांत मानाची होती. फेन्सिंग या ऑलिंपिक खेळाचे वर्ग जवळ असल्यास तेही अवश्य करावेत.

ग्रंथातील डाव त्यानंतर बोथट, लवचीक पात्याच्या तलवारीने अत्यंत संथपणे करून पाहावेत. जोडीच्या सरावात जाळीचा मुखवटा, गळपट्टा व जाड हातमोजे अनिवार्य आहेत. धारदार तलवार मुळीच विकत घेऊ नये. ती बाळगण्यावर शस्त्र अधिनियम, १९५९ अन्वये निर्बंध येऊ शकतात.