गारपीट आणि आपली घरे

काश्मीरकडील घरांची छपरे फार उतरती असतात, हे आपण भूगोलात वाचतो. साचलेल्या हिमाचे ओझे आपोआप घसरून जावे, हा त्यातील हेतू होय. पांढुर्णा-सौंसरकडे हिम पडत नाही; परंतु बर्फ पडतो. माघ-फाल्गुनात, मृग बहाराची संत्री उतरत असताना आणि आंबिया बहार फुललेला असताना, तो गारांच्या रूपाने येतो. बागेच्या हानीची चर्चा गावोगाव होते. घराची मात्र सहसा कोणी करीत नाही. म्हणून आम्ही येथे घराविषयीच लिहीत आहोत.

प्रथम थोडे गणित. २.५ सेंटिमीटर व्यासाची गार सुमारे ७.५ ग्रॅम भरते. व्यास दुप्पट झाला की वजन आठपट, म्हणजे ६० ग्रॅम होते. शिवाय मोठी गार अधिक वेगाने पडते. तिच्या वेगाचा वर्ग स्थूलमानाने व्यासाच्या प्रमाणात वाढतो. तेव्हा आघाताची शक्ती आठपट नव्हे, सोळापट होते. बोराएवढ्या गारांना दाद न देणारे छप्पर लिंबाएवढ्या गारांनी का फुटते, ते यावरून कळेल.

आपल्याकडे घर शाकारण्याची वेळ ज्येष्ठातली, पावसाच्या तोंडावरची. पुढे आठ-नऊ महिन्यांत वानरे आणि मांजरे कवेलू सरकवितात, आणि उघड्या पडलेल्या फटींवर नेमकी गारपीट येते. आमच्या मते संक्रांतीच्या सुमारास आणखी एकदा छप्पर पाहावे. देशी कवेलू पातळ असल्याने लवकर फुटते, पण फुटलेले तेवढेच बदलता येते. टिनाच्या पत्र्याला पोचे पडतात. तो सहसा फुटत नाही. सिमेंटचा जुना पत्रा मात्र ठिसूळ होतो. त्यावर पाय देणे म्हणजे खाली कोसळणे. अशा पत्र्यांत पुष्कळदा अ‍ॅस्बेस्टॉस असते व त्याची धूळ फुप्फुसांना घातक आहे. म्हणून तुकडे कोरडे झाडू नयेत, पाणी शिंपडून अलगद उचलावेत.

स्लॅबच्या घरात राहणाऱ्यांनीही निर्धास्त राहू नये. गारा आणि पालापाचोळा मिळून गच्चीचे पाण्याचे तोंड बुजवितात, आणि मागोमाग पाऊस कोसळतो. १० सेंटिमीटर पाणी साचले, तर दर चौरस मीटरवर १०० किलो भार येतो. थंड देशांत छपराच्या कडेला पाणी गोठून असाच बांध तयार होतो आणि मागे तुंबलेले पाणी घरात उतरते. पन्हाळीही त्याच वेळी साफ कराव्यात.

छतावरील सौर पट्ट्यांची काच साधारणपणे २५ मिलिमीटरच्या बर्फगोळ्याने, सेकंदाला २३ मीटर वेगाने मारून पारखलेली असते. त्याहून मोठ्या गारेची हमी धरू नये.

गारा थांबताच कोणी छपरावर चढू नये. कवेलू ओले, निसरडे असते आणि वीज अजून कडाडत असते. तोवर धान्याची पोती व वह्या-पुस्तके गळतीखालून हलवावीत, आणि ताडपत्री हाताशी ठेवावी. पन्नासेक कवेलू पडवीत रचून ठेवलेली बरी. देशी कवेलू घडविणारे कुंभार आता थोडे उरले आहेत; ऐनवेळी कोणाचे जुने घर उतरविले जात आहे, याची चौकशी करीत फिरावे लागते.