गुप्तता आणि लपवालपव
(मनाच्या आजारात घराचे व समाजाचे कर्तव्य)

आपल्या भाषेत ‘आधी’ आणि ‘व्याधी’ हे शब्द नेहमी जोडीने येतात. आधी ही मनाची पीडा, व्याधी ही शरीराची. परंतु या जोडीतील एक पीडा आपण उघडपणे सांगतो आणि दुसरी दडवितो. घरात कोणास मधुमेह झाला तर सभामंडपात भेटणारा प्रत्येक जण आस्थेने चौकशी करतो. पण कोणास उन्माद किंवा खोल विषाद जडला की त्या घराची दारे लागतात, आणि पाहुण्यांना “प्रकृती जरा बरी नसते” एवढेच सांगितले जाते.

वास्तविक आपल्या परंपरेने मनाच्या आजारास कधी नाकारलेले नाही. चरकसंहितेत उन्मादावर निदानस्थानात एक आणि चिकित्सास्थानात एक असे दोन स्वतंत्र अध्याय आहेत. भगवद्गीतेचा तर पहिला अध्यायच विषादाचा आहे. अर्जुनाचे अंग कापू लागले, तोंडास कोरड पडली, धनुष्य हातातून गळू लागले. त्या वेळी त्याने काय केले, हे नीट पाहण्यासारखे आहे. त्याने आपली अवस्था साऱ्या सैन्यास ओरडून सांगितली नाही. तशी ती मनात दाबूनही ठेवली नाही. ज्यास सांगावयाची त्या आपल्या सारथ्यास सांगितली, आणि वेळेवर सांगितली. योग्य गोष्ट, योग्य व्यक्तीस, योग्य वेळी सांगणे हाच आजच्या पाठाचा विषय आहे.

घर हेच रुग्णालय

हैदराबाद संस्थानाच्या काळी मनोरुग्णांचे सरकारी रुग्णालय मराठवाड्यात जालना येथे होते. पुढे ते आपल्या शहरात एर्रागड्डा येथे आले. विद्यानगरहून आज तेथे सकाळी जाऊन दुपारपर्यंत परतता येते. परंतु याहून मोठा बदल असा की, बहुसंख्य रुग्ण आता रुग्णालयात राहतच नाहीत. ते औषध घेऊन घरी राहतात, नोकरी करतात, सणवारांत भाग घेतात. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ साली सुरू झाला व जिल्हा कार्यक्रम १९९६ साली. त्यांचा हेतूही उपचार लोकांच्या दाराशी न्यावे हाच होता.

ही गोष्ट उत्तमच झाली. मात्र तिच्याबरोबर एक जबाबदारी आपल्याकडे आली. रुग्णालयात परिचारिका रात्रंदिवस नोंद ठेवते. घरी ती नोंद कोण ठेवणार? डॉक्टरांस महिन्यातून काही मिनिटे रुग्ण दिसतो. उरलेला सारा काळ तो आपल्यात असतो. तेव्हा जे आपण पाहिले ते डॉक्टरांपर्यंत गेले नाही, आणि जे डॉक्टरांनी जाणले ते आपल्यापर्यंत आले नाही, तर दोहोंच्या मधल्या फटीत रुग्ण पडतो.

ही फट किती घातक असते हे तीन सामान्य उदाहरणांनी कळेल. पहिले लिथियमचे. चित्तवृत्तीचे टोकाचे चढउतार आवरण्यासाठी हे औषध पुष्कळांना लाभदायक ठरले आहे. मात्र त्याचे रक्तातील प्रमाण वारंवार तपासावे लागते. सांधेदुखीवरील काही सामान्य गोळ्या किंवा रक्तदाबावरील काही औषधे यांच्या योगे ते प्रमाण विषारी पातळीस पोचू शकते. शरीरातील पाणी कमी झाले तरी तेच घडते. म्हणून निर्जळी एकादशीसुद्धा डॉक्टरांस विचारल्यावाचून करू नये. आता लाजेने ‘मनाची गोळी’ लपवून कोणी दुसऱ्या डॉक्टरांकडून दुखण्याचे औषध आणले, तर दोष कोणाचा?

दुसरे उदाहरण विवाहाचे. मुलाचे किंवा मुलीचे लग्न ठरले की नव्या घरी कळू नये म्हणून चालू औषध गुपचूप बंद केले जाते. धावपळ, जागरण आणि औषधाचा खंड या तिन्हींनी आजार उलटतो, आणि जे गोड शब्दांत आधी सांगता आले असते ते भर मंडळीत सर्वांस दिसते.

तिसरे उदाहरण सर्वांत गंभीर. मनोरुग्णालयातून घरी परतल्यानंतरचे पहिले काही आठवडे आत्मघाताच्या दृष्टीने विशेष धोक्याचे असतात. नेमक्या त्याच काळात घरचे लोक “आता बरे झाले” असे समजून निर्धास्त होतात.

दोन दुःखद धडे

तामिळनाडूतील एरवाडी या गावी एका श्रद्धास्थानाच्या परिसरात मनोरुग्णांची खाजगी निवासस्थाने होती. ६ ऑगस्ट २००१ रोजी पहाटे त्यांपैकी एकास आग लागली. आतील रुग्णांना साखळ्यांनी बांधलेले होते. त्यांना पळता आले नाही. २८ जीव गेले. ही माणसे कुटुंबांनीच बरे होण्याच्या आशेने तेथे आणून ठेवली होती. हा दोष एका धर्माचा नव्हे. अशी स्थाने सर्वच धर्मांत आहेत. धडा एवढाच की, साखळी ही सुरक्षितता नव्हे. धोका टाळण्याच्या नावाने माणसास बांधून दृष्टीआड केले, तर तीच त्याच्यावरील सर्वांत मोठी आपत्ती ठरते.

दुसरी घटना लंडन शहरातील. डिसेंबर १९९२ मध्ये तेथील एका भुयारी रेल्वेस्थानकावर एका मनोरुग्णाच्या हातून एका अनोळखी तरुणाची हत्या झाली. चौकशीचा अहवाल १९९४ साली प्रसिद्ध झाला. तो रुग्ण वर्षानुवर्षे अनेक रुग्णालये व कचेऱ्या यांच्यामधून फिरत राहिला होता; प्रत्येकास त्याच्याविषयी थोडेथोडे ठाऊक होते, परंतु ती माहिती एकत्र होऊन पुढच्याकडे नीट गेली नव्हती. येथे एक गोष्ट ठामपणे सांगितली पाहिजे. मनोरुग्ण म्हणजे हिंसक मनुष्य, ही समजूत चुकीची आहे. बहुसंख्य रुग्ण कोणासही इजा करीत नाहीत. उलट इतरांकडून होणारा छळ आणि स्वतःच्या हातून स्वतःची हानी, हे धोके त्यांना अधिक असतात.

साताऱ्याचा प्रयोग

या दोन टोकांच्या मध्ये एक चांगला मार्ग आहे, आणि त्याची परीक्षा आपल्या मराठी मुलखातही झाली आहे. स्किझोफ्रेनिया या आजाराच्या २८२ रुग्णांवर सातारा, गोवा आणि तामिळनाडूतील कांचीपुरम येथे एक अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २०१४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. त्यांतील १८७ रुग्णांना नेहमीच्या उपचाराबरोबर गावच्या प्रशिक्षित कार्यकर्त्याची जोड दिली होती, आणि ९५ जणांना केवळ नेहमीचा उपचार. हे कार्यकर्ते डॉक्टर नव्हते. ते घरी जात, रुग्ण व कुटुंबीय यांस आजार समजावून सांगत, औषधाची नियमितता पाहत, पुन्हा कामाला लागण्यास मदत करीत, आणि घरातले वर्तमान उपचार करणाऱ्यांपर्यंत नेत.

वर्षभराने या रुग्णांची लक्षणे व परावलंबन दुसऱ्या गटापेक्षा काहीसे कमी आढळले. फरक मोठा नव्हता, व तो तामिळनाडूच्या ग्रामीण केंद्रात अधिक स्पष्ट होता, हेही प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. तथापि घर व दवाखाना यांच्यामध्ये एक विश्वासू, शिकविलेला मनुष्य उभा केला तर उपयोग होतो, एवढे त्यातून निश्चित दिसते.

कायदा काय सांगतो

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ हा २०१८ पासून अंमलात आहे. त्याची काही कलमे प्रत्येक कुटुंबाने ध्यानात ठेवावी. कलम २३ अन्वये रुग्णाची माहिती गुप्त राहणे हा त्याचा हक्क आहे. त्याच कलमात अपवादही आहेत : उपचारासाठी इतर वैद्यकांस, कर्तव्य पार पाडण्यासाठी रुग्णाच्या नामनिर्देशित प्रतिनिधीस, तसेच कोणाच्या जीवितास धोका असल्यास तो टाळण्यासाठी माहिती देता येते, आणि दुसऱ्यास इजेपासून वाचविण्यासाठी द्यावयाची झाल्यास ती त्या कामापुरतीच. कलम १४ प्रमाणे कोणाही प्रौढ व्यक्तीस साध्या कागदावर लिहून व सही करून असा प्रतिनिधी नेमता येतो. कलम ९८ सांगते की, रुग्णास घरी सोडताना पुढील उपचाराविषयी रुग्णाशी, त्याच्या प्रतिनिधीशी, तो ज्यांच्याकडे राहणार त्यांच्याशी आणि पुढे उपचार करणाऱ्या डॉक्टरांशी विचारविनिमय व्हावा. कलम ९५ ने रुग्णास साखळीने बांधणे सर्वथा निषिद्ध ठरविले आहे.

म्हणजे कायद्यानेही अर्जुनाचाच मार्ग धरला आहे : सर्वांस सांगू नये, पण सारथ्यापासून लपवू नये.

आपण काय करावे

१. रुग्ण बरा असताना त्याच्याच संमतीने एक पानाचे टिपण करून ठेवावे : आजाराचे नाव, औषधे व मात्रा, कोणते औषध सोसत नाही, डॉक्टरांचा पत्ता, प्रतिनिधीचे नाव, आणि आजार उलटण्यापूर्वी प्रथम कोणते चिन्ह दिसते ते. कोणत्याही डॉक्टरांकडे जाताना हे पान बरोबर असावे.

२. रात्रीमागून रात्री झोप नसणे, औषध टाकणे, निरवानिरवीची भाषा, आवडत्या वस्तू वाटून टाकणे, ‘आवाज आज्ञा करतात’ असे म्हणणे, ही चिन्हे दिसताच डॉक्टरांस कळवावे. “जीव नकोसा वाटतो का?” असे प्रेमाने व स्पष्ट विचारावे. विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही. उलट बोलण्यास वाट मिळते.

३. अशा वेळी घरातील औषधांचा साठा व कीटकनाशके कुलपात ठेवावी, रुग्णास एकटे सोडू नये, आणि तातडीने रुग्णालय गाठावे. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक आहे. मानसिक साहाय्यासाठी १४४१६ हा ‘टेली-मानस’चा निःशुल्क क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून अहोरात्र चालू आहे.

४. रुग्णालयातून परतताना पुढील भेटीची तारीख हाती घेतल्यावाचून निघू नये.

५. मंदिरातील पुरोहित किंवा स्वयंसेवक यांस कोणी आपले दुःख सांगितले, तर प्रथम “हे मी कोणास सांगू, कोणास नको?” असे विचारावे. सामुदायिक प्रार्थनेत नाव घेऊ नये. जीवास धोका दिसल्यास मात्र मौन पाळू नये. तेव्हा काय करणार हे त्या व्यक्तीस सांगून योग्य ठिकाणी कळवावे. अनुष्ठान अवश्य करावे, पण ते औषधाच्या जोडीला. औषधाच्या जागी नव्हे.

गुप्तता ही रुग्णाच्या सन्मानासाठी असते. लपवालपव ही आपल्या लौकिकासाठी असते. दोहोंचे रूप सारखे भासते, फळ मात्र भिन्न. आपल्या घरी आपण या दोहोंपैकी कोणती पाळतो, याचा प्रत्येकाने देवासमोर शांतपणे विचार करावा.

मननासाठी प्रश्न

१. आपल्या घरातील कोणाच्या आजाराविषयी डॉक्टरांस न सांगितलेली गोष्ट आहे काय? ती का सांगितली नाही?
२. उद्या आपणच आजारी झालो तर आपला ‘सारथी’ कोण असावा? त्यास हे आपण सांगितले आहे काय?
३. मंदिरात कानी आलेली दुसऱ्याच्या घरची गोष्ट आपण कोठे थांबवितो?