शेतसंरक्षणाच्या बंदुकीचे निशाण तपासणे

भाताची लोंबी भरू लागली म्हणजे वैभववाडी तालुक्यातील घाटपायथ्याच्या गावांत रानडुकरांचा उपद्रव वाढतो, हे वाचकांस सांगावयास नको. करूळ व भुईबावडा या घाटांच्या खालच्या अंगास भात, ऊस व काजू यांची लागवड जंगलास लागूनच आहे. कळप एका रात्रीत शिरला तर खातो थोडे व तुडवतो फार. याकरिता पुष्कळ शेतकऱ्यांपाशी शेतसंरक्षणाच्या परवान्याची बंदूक असते. पण तिचा मारा नेमका कोठे जातो हे पाहून ठेवलेले शेतकरी थोडेच आढळतात.

प्रथम कायद्याची गोष्ट. मुंबई राज्यातील वन्य पशुपक्ष्यांच्या 1951 च्या कायद्यान्वये शिकारीचे परवाने मिळत असत. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने व त्यातील 1991 च्या दुरुस्तीने हौशी शिकार सर्वस्वी बंद झाली. सांबर, चितळ, भेकर वा पिसोरी यांपैकी कशावरही बंदूक उचलणे आज गुन्हा आहे. रानडुक्कर उभ्या पिकाची नासाडी करीत असेल तर वनखात्याकडून रीतसर लेखी परवानगी मिळू शकते. बंदुकीचा परवाना म्हणजे ती परवानगी नव्हे. मारलेले जनावर सरकारची मालमत्ता ठरते, हेही ध्यानात असावे. पुढील विवेचन अशी परवानगी हाती असलेल्यांकरिता आहे.

गेल्या वर्षी निशाण ठीक होते, तेव्हा यंदाही असणारच, ही समजूत आपल्या मुलखात विशेष धोक्याची. चार महिन्यांच्या पावसात लाकडी दस्ता दमट हवेने फुगतो, रायफलीच्या नळीस एका बाजूने रेटतो, आणि गोळी सरकते. त्यात निवडणुकीची आचारसंहिता लागली की बंदुका पोलिस ठाण्यात जमा करण्याचे हुकूम निघतात. 2024 साली लोकसभेचे मतदान मे महिन्यात व विधानसभेचे नोव्हेंबरात झाले. दुसऱ्या खेपेस तर आचारसंहिता ऐन भातकापणीत होती. ढिगात उभी राहिलेली, दहा हातांतून गेलेली बंदूक परत आल्यावर तिची पुढली माशी वाकली नसेल असे कोणी सांगावे?

बार काढण्यापूर्वी बंदूक रिकामी असल्याची खात्री करून नळीतून उजेड पाहावा. कुंभारीण माशी नळीत मातीचे घर करते. तशा नळीतून बार काढल्यास नळी फुटून हात जातो. आत तेल असल्यास कोरड्या फडक्याने पुसावे, कारण तेलकट नळीतून पहिली गोळी बहुधा इतरांहून निराळी पडते.

जागेची निवड सर्वांत महत्त्वाची. पोलिस ठाण्यास आगाऊ कळवून, त्यांनी मान्य केलेल्या ठिकाणीच चाचणी घ्यावी. निशाणामागे मऊ मातीचा उंच बांध हवा. जांभ्याची दरड वा कातळ कदापि नको. गोळी त्यावरून उसळून कोठेही जाते. रायफलीची गोळी दोन किलोमीटरच्याही पलीकडे जाऊ शकते. तेव्हा मागे झाडी आहे एवढ्यावर विसंबू नये, झाडीत गुराखी असतो.

रायफल असल्यास 50 मीटरवर मोठा कागद लावून मध्ये काळा ठिपका काढावा. भाताचे तूस वा वाळू भरलेल्या पोत्यावर दस्त्याचा पुढील भाग टेकवावा, नळी टेकवू नये. घाई न करता तीन गोळ्या एकाच ठिपक्यावर माराव्यात. एका गोळीवरून काही ठरवू नये. तिन्ही छिद्रांच्या पुंजक्याचा मध्य पाहावा. पुंजकाच विखुरलेला असेल तर दोष निशाणाचा नव्हे, सैल स्क्रूचा, काडतुसाचा किंवा आपल्या हाताचा. तो आधी काढावा.

पुंजका आवळ पण एका बाजूस असेल, तर ज्या दिशेस मारा न्यावयाचा त्याच दिशेस मागली खाच सरकवावी. माशी सरकवावयाची असल्यास उलट दिशेस. किती, हे त्रैराशिकाने निघते. समजा, पुंजका 20 सेंटिमीटर उजवीकडे आहे व खाच आणि माशी यांतील अंतर 50 सेंटिमीटर आहे. 20 ला 50 ने गुणून 5000 ने, म्हणजे 50 मीटरच्या सेंटिमीटरांनी, भागले की 0.2 सेंटिमीटर येतात. खाच दोन मिलिमीटर डावीकडे न्यावयाची. अंदाजाने हातोडी मारणाऱ्याची डझनभर काडतुसे फुकट जातात. घासणे किंवा डाग देणे परवानाधारक कारागिराकडूनच करवावे.

आपल्याकडे अधिक प्रचार बारा बोअरच्या वा ठासणीच्या बंदुकीचा. तिच्या नळीस आतून आटे नसतात. येथे प्रश्न छऱ्यांच्या पसाऱ्याचा. साध्या नळीचे 40 यार्डांवर सुमारे 40 टक्के छर्रे 30 इंच व्यासाच्या वर्तुळात पडतात. तोंडाशी पूर्ण आवळलेल्या नळीचे सुमारे 70 टक्के. लहान छर्रे शेकड्यांनी असतात तेथे हे प्रमाण पुरते, परंतु डुकराकरिता वापरावयाचे एल्.जी. छर्रे एका काडतुसात मोजकेच, आणि ते कोठे फाकतील याचा नेम नाही. म्हणून 20, 30 व 40 पावलांवर कोरे कागद लावून, जे काडतूस रात्री वापरावयाचे त्याच जातीचे, प्रत्येक कागदावर एक याप्रमाणे मारावे. कागदावर न्याहारीच्या ताटलीएवढे वर्तुळ काढावे. डुकराचे काळीज व फुप्फुसे पुढल्या पायामागे, खालच्या अंगास, जवळपास तेवढ्याच जागेत असतात. ज्या अंतरावर तीन-चार छर्रे त्या वर्तुळात खात्रीने पडत नाहीत, ते अंतर आपल्या बंदुकीचे नव्हे. पुष्कळांचा हिशेब 25 पावलांच्या आतच संपेल, असे माझे मत आहे.

नॉर्वे देशात सांबराएवढ्या मोठ्या जनावरांच्या शिकारीपूर्वी दरवर्षी परीक्षा द्यावी लागते: 100 मीटरवर पाच गोळ्या, पाचही 30 सेंटिमीटरच्या वर्तुळात. आपल्याकडे तशी सक्ती नाही. मात्र जखमी होऊन उसात शिरलेला डुक्कर सकाळी तोडणीस आलेल्या मजुरांवर उलटतो, हे विसरता कामा नये.

ही चाचणी राखणीच्या आदल्या संध्याकाळी करू नये. आठ-दहा दिवस आधी करावी, म्हणजे दुरुस्तीस व फेरचाचणीस अवकाश राहतो. खर्ची पडलेली काडतुसे मोजून नोंदवावीत. ठासणीच्या बंदुकीतील जळक्या दारूचा मळ ओल शोषतो व एका रात्रीत गंज आणतो. तिची नळी त्याच दिवशी कढत पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून, मगच तेलाचा हात द्यावा. चाचणीच्या कागदांवर तारीख, अंतर व काडतुसाची जात लिहून ते परवान्याच्या कागदांसोबत ठेवावेत. पुढील पावसाळ्यानंतर ताडून पाहावयास उपयोगी पडतील.