शैक्षणिक तंत्रज्ञान परिषद आणि वर्गातील शिक्षक

शैक्षणिक तंत्रज्ञान म्हणजे केवळ संगणक नव्हे. खडू-फळा, तक्ते, रेडिओ, दूरदर्शन ही सारी आपापल्या काळातील शैक्षणिक साधनेच होत. या साधनांविषयी ज्या परिषदा भरतात त्यांत निबंधवाचन, चर्चासत्र आणि प्रात्यक्षिके असतात. बहुतेक ठिकाणी शेजारीच साहित्याचे प्रदर्शनही असते. लंडनचे १९८५ साली सुरू झालेले 'बेट' प्रदर्शन हे यातील मोठे नाव. आपल्याकडेही विद्यापीठे व अध्यापक महाविद्यालये अशा परिषदा भरवितात. आपल्या संस्थेच्या सभासदांत शिक्षक आहेत आणि उद्या शिक्षक होणारे विद्यार्थीही आहेत. त्यांनी तेथे जाऊन काय पाहावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रदर्शनाच्या दालनात उभा असलेला मनुष्य विक्रेता असतो. त्यात वावगे काही नाही. परंतु त्याने सांगितलेले गुण पारखण्याचे काम शिक्षकाचे आहे. चित्रपटामुळे शाळेतील पुस्तके लवकरच कालबाह्य होतील, असे भाकीत एडिसनने १९१३ साली केले होते. ते खरे ठरले नाही.

पेरू देशाचा अनुभव याहून बोलका आहे. 'प्रत्येक मुलास एक लॅपटॉप' या योजनेखाली तेथील सरकारने ग्रामीण शाळांना लाखो छोटे संगणक वाटले. पुढे ३१९ शाळांची पाहणी झाली व तिचे निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले. मुलांच्या हाती यंत्रे पोहोचली होती, ती वापरलीही जात होती. पण गणित आणि भाषा या विषयांतील गुणांत फरक आढळला नाही. यंत्रात सुमारे २०० पुस्तके भरलेली असूनही वाचनाची सवय वाढली नाही. तर्कबुद्धीच्या काही चाचण्यांत मात्र थोडी प्रगती दिसली, हेही सांगितले पाहिजे. या शाळांपैकी फारच थोड्या ठिकाणी इंटरनेट होते. गरीब मुलांसाठी काढलेली योजना आणि गरीब मुलांचाच अभ्यास जेथल्या तेथे! म्हणून ही गोष्ट आपल्या जिव्हाळ्याची आहे.

याउलट सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे उदाहरण घ्यावे. जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांच्यापुढे अडचण अशी होती की पाठ्यपुस्तक मुलांच्या मातृभाषेत नव्हते. त्यांनी मजकूर मुलांच्या भाषेत आणला आणि पुस्तकावर क्यूआर कोड लावून कविता, गोष्टी, पाठ ऐकण्या-पाहण्याची सोय केली. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांतही असे कोड छापले जाऊ लागले. ३ डिसेंबर २०२० रोजी त्यांना दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार जाहीर झाला. त्यातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. येथे अडचण अगोदर होती, साधन मागाहून आले. हा क्रम विद्यार्थ्यांनी नीट लक्षात घ्यावा.

तेव्हा परिषदेस निघण्यापूर्वी आपल्या वर्गातील एखादी अडचण वहीत लिहून घ्यावी. चौथीच्या मुलांना हातच्याची वजाबाकी जमत नाही, इतकी साधी असली तरी चालेल. दालनात तीच विचारावी. हे साधन वीज गेल्यावर चालते काय? मराठीत आहे काय? दरवर्षी पैसे भरावे लागतात काय? मुलांची नावे व माहिती कोठे साठविली जाते? बिघडल्यास तालुक्याच्या गावी कोणी दुरुस्त करील काय? (आम्हा बँकेतील मंडळींना हा शेवटचा प्रश्न फार जवळचा. 'लाइन' गेली की काउंटरसमोर उभ्या असलेल्या पेन्शनधारकाला काय उत्तर द्यावे, हे कोणत्याही माहितीपत्रकात छापलेले नसते.)

निबंधवाचनापेक्षा चहाच्या वेळी भेटणारा दुसऱ्या जिल्ह्यातील शिक्षक कित्येकदा अधिक उपयोगी ठरतो, असे माझे मत आहे. त्याने ते साधन वर्षभर वापरलेले असेल तर त्याचा पत्ता अवश्य घ्यावा. परतल्यावर केंद्राच्या शिक्षण परिषदेत दहा मिनिटे मागून घ्यावीत आणि काय घेण्याजोगे आढळले व काय नाही, ते दोन्ही सहकाऱ्यांना सांगावे.