कोणीही लिहावे असा ज्ञानकोश

आपले हे भित्तिपत्रक आपणच लिहितो. पण आधी गुरुजी लेख तपासतात, ऱ्हस्व-दीर्घ लाल शाईने सुधारतात, मगच तो खळीने चिकटतो. जगात एक ज्ञानकोश असा आहे की त्यात लिहिण्याआधी कुणाला विचारावे लागत नाही. त्याचे नाव विकिपीडिया. तो इंटरनेटवर आहे.

इंटरनेट म्हणजे जगातले संगणक एकमेकांना जोडणारे मोठे जाळे. या जाळ्यावर सगळ्यांना वाचता येतील अशी पाने लावायची युक्ती टिम बर्नर्स-ली या इंग्रज शास्त्रज्ञांनी १९८९ साली सुचवली. ते तेव्हा स्वित्झर्लंडमध्ये सर्न या संस्थेत काम करत होते. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने जाहीर केले की ही युक्ती कुणीही वापरा, पैसे नकोत. मला हे फार आवडले. त्यांनी पैसे मागितले असते तर आपल्या शाळेपर्यंत ती आली असती का?

पुढे १५ जानेवारी २००१ रोजी अमेरिकेत जिमी वेल्स आणि लॅरी सँगर यांनी विकिपीडिया सुरू केला. विकी हा हवाई बेटांवरच्या भाषेतला शब्द आहे. त्याचा अर्थ झटपट. मराठी विकिपीडिया २००३ साली १ मे रोजी, म्हणजे महाराष्ट्र दिनी सुरू झाला.

आपला मराठी विश्वकोश वेगळा आहे. तो वाईला तयार झाला. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे प्रमुख संपादक होते आणि पहिला खंड १९७६ साली निघाला. त्यात मोठमोठे विद्वान लिहितात. विकिपीडियात मात्र विद्वानही लिहितात आणि आपल्यासारखेही.

मग कुणी खोटे लिहिले तर? मी गुरुजींना हेच विचारले. गुरुजींनी शाळेच्या संगणकावर आपल्या तालुक्याचे पान उघडले. त्यात आठवडी बाजार मंगळवारी लिहिला होता! आपला बाजार शनिवारी असतो हे शेंबडं पोरगंबी सांगेल. गुरुजींनी ‘संपादन’ दाबून तो दुरुस्त केला. ‘इतिहास पहा’ असे तिथे लिहिलेले असते. ते दाबले की कोणी कधी काय बदलले ते सगळे दिसते. कुणी मुद्दाम घाण केली तर दुसरा येऊन जुने पान परत आणतो. फार खोड्या झाल्या तर त्या पानाला काही दिवस कुलूप लावतात.

मग मी म्हणालो, आपल्या पाझर तलावाचेपण लिहू या. माझी आज्जी सांगते, हा तलाव १९७२ च्या दुष्काळात खणला. आज्जी तेव्हा माझ्याएवढी होती. तिची आई खडी फोडायची आणि आज्जी मातीच्या पाट्या टाकायची. दुपारी कामावर सुकडी मिळायची. घरी रेशनच्या लाल मिलोच्या भाकरी असायच्या. आज्जी म्हणते, ती भाकरी घशाखाली उतरत नव्हती.

गुरुजी म्हणाले, हे कुठे छापले आहे का? तिथे नुसते ऐकलेले चालत नाही, पुस्तकाचा नाहीतर वर्तमानपत्राचा दाखला लागतो. मला राग आला. आज्जीने स्वतः पाट्या वाहिल्या, ते खोटे आहे काय? घरी जाऊन आज्जीला सांगितले तर ती हसली. म्हणाली, “अरं, उद्या खालच्या आळीचं कुणी म्हणंल माझ्याच आज्यानं खणला, मग तू कसं खरं करणार?” मग मी गप्प बसलो. पण छापणारा माणूस त्या वेळी तलावावर आलाच नसेल तर आज्जीने काय करायचे, हे मला अजून कळले नाही. गुरुजीसुद्धा यावर थोडा वेळ विचार करत बसले.

म्हणून आज्जीचे सांगणे मी इथे भित्तिपत्रकात लिहिले आहे. पालकांना विनंती की आपल्या तलावाच्या कामाबद्दल कुणाकडे जुने पुस्तक किंवा वर्तमानपत्राचे कात्रण असेल तर ते गुरुजींकडे द्यावे. उतरून घेऊन लगेच परत करू. पत्र्याच्या पेटीत तळाला जुने कागद असतात, तिथे जरूर बघावे.

– इयत्ता ४ थी