शेळीची कास कशी पारखावी?

दुधाची शेळी घेताना आपले लक्ष आधी कासेकडे जाते. कास मोठी तर दूध जास्त, असा आपला समज असतो. तो अर्धाच खरा आहे. पुष्कळदा विकणारा सकाळची धार न काढताच शेळी बाजारात आणतो. तुंबलेली कास पाहून आपण पैसे मोजतो आणि दुसऱ्या दिवशी घरी पेलाभरही दूध निघत नाही. ज्या घरी एक-दोनच शेळ्या असतात, तेथे असा सौदा म्हणजे वर्षाची बचत बुडाली. म्हणून कासेची थोडी ओळख करून घेऊ.

शेळीच्या कासेचे दोन भाग व दोन सड असतात. प्रत्येक भागात वर दूध तयार करणारा मऊ गर आणि खाली दूध साठवणारी पोकळी असते. गाईचे बरेचसे दूध गरातच राहते आणि पान्हा सुटल्यावर खाली उतरते. शेळीचे बहुतेक दूध मात्र आधीच पोकळीत साठलेले असते. म्हणून ऐसपैस कास हे चांगले लक्षण खरे. पण ती दुधाने मोठी आहे की मांसाने, हे पाहिले पाहिजे.

पाहण्याच्या गोष्टी अशा:

१. धार काढल्यानंतर कास पाहावी. दुधाची कास रिकाम्या पिशवीसारखी सैल पडते, कातडी मऊ व सुरकुतलेली होते. मांसल कास धारेनंतरही तेवढीच भरीव राहते.

२. कास पुढे पोटाला आणि मागे मांड्यांमध्ये रुंद व घट्ट जोडलेली असावी. तिचा तळ मागच्या पायाच्या मधल्या सांध्याच्या वर असावा. लोंबणारी कास बाभळीच्या काट्यांनी ओरखडते, चिखलाने माखते आणि तेथूनच रोग शिरतो.

३. दोन्ही भाग सारखे असावेत. एक भाग लहान किंवा कठीण असेल, तर पूर्वी रोग होऊन गेला असण्याचा संभव असतो.

४. सड मध्यम, मुठीत येणारे व एकमेकांपासून दूर असावेत. बाटलीसारखा जाड सड नवजात करडाच्या तोंडात मावत नाही. जादा सडाची खोड पुढच्या पिढीत उतरते. अशी पाट पैदाशीसाठी ठेवू नये.

५. वेत विचारावे. पहिलारू शेळीची कास लहानच असते. दूध तिसऱ्या-चौथ्या वेतापर्यंत वाढत जाते.

एवढे पाहूनही शेवटचा निकाल मापाचाच. शक्य असल्यास संध्याकाळी आपल्यासमोर कास पूर्ण रिकामी करवावी, करडे रात्री वेगळी बांधावीत व सकाळचे दूध मोजावे. फेस बसल्यावरच माप घ्यावे. आपल्याकडच्या उस्मानाबादी किंवा संगमनेरी शेळीने दिवसाला अर्धा ते एक लिटर दिले, तरी ती वाईट नव्हे. घरीही आठवड्यातून एक दिवस असे मोजून वहीत लिहावे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात संगमनेरी शेळीच्या सुधारणेचे काम अशा नोंदींच्या आधारेच चालते. बोकड निवडतानाही त्याच्या आईचे दूध व कास विचारावी, कारण त्याच्या सर्व पाटींमध्ये तो गुण उतरणार असतो.

चांगली कासही निष्काळजीपणाने वाया जाते. धारेआधी हात व सड धुवून कोरडे करावेत. पहिल्या दोन धारा काळ्या कापडावर काढून पाहाव्यात. गाठी, पाणी किंवा रक्त दिसले, कास गरम व कडक लागली, तर तो कासदाह, म्हणजे आपली ‘दगडी’. धारवाडकडे त्याला ‘केच्चलु बावु’ म्हणतात. त्याच दिवशी पशुवैद्याला बोलवावे. लेप लावून वाट पाहिली, तर तो भाग कायमचा आटतो. आजारी शेळीची धार शेवटी काढावी. औषध चालू असता, आणि नंतर डॉक्टर सांगतील तितके दिवस, ते दूध घरी वापरू नये, विकूही नये. एरवीही दूध उकळूनच प्यावे.

तेव्हा बाजारात घाई करू नये. भरलेली कास पाहून किंमत ठरवू नये. रिकामी झालेली पाहून मगच ठरवावी.